होल्डवरच्या लेन्सा

आमच्या दाजींनी आजवर एकाही गोष्टीला पहिल्या फटक्यात ‘ओके’ म्हटलेलं नाही. चहा दिला तरी आधी कप उजेडाकडं धरतात, साय बघतात, वास घेतात आणि म्हणतात, “होल्ड.” म्हणजे पीत नाहीत असं नाही. पितात, पण निकाल राखून ठेवतात. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा घरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या, पेढ्याचा पुडा निम्मा फुटला, आणि कोपऱ्यातून दाजी म्हणाले, “डाऊट हाय. होल्ड करा.” डाऊट काय, तर पोह्यांच्या बश्या पाच आणि चमचे चार आले होते. लग्न झालं, पोरं मोठी झाली, पण माझी बायको ते विसरलेली नाही. दाजी घरी आले की त्यांच्या बशीत ती अजून दोन चमचे ठेवते. दाजी दोन्ही तपासून घेतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माणिकराव वाळुंज. चिखलीचे मूळ गावकरी. आजूबाजूला इमारती उठल्या, दाजीही एका इमारतीत राहायला गेले, पण बोलणं गावचंच राहिलं. नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, माल तपासायच्या खात्यात. तिथं पेट्यांना रंग असतात. पास झालेला माल हिरव्या पेटीत, नापास लाल पेटीत, आणि ज्याबद्दल शंका आहे तो पिवळ्या पेटीत, होल्डवर. पिवळ्या पेटीतला माल जागचा हलवायचा नाही. आणि हिरव्या पेटीला ‘ओके’चं स्टिकर लागलं की ती परत उघडायची नाही, सरळ गाडीत चढवायची. हे नियम दाजींच्या अंगात इतके भिनलेत की घरीसुद्धा कांदे-बटाटे तीन रंगांच्या टोपल्यांत असतात. ताई बिचारी संध्याकाळी पिवळ्या टोपलीतली वांगी गुपचूप भाजीत ढकलते.

तर अशा माणसाला कॅमेऱ्याचा नाद लागला. नाद कुणालाही लागावा, माझी ना नाही. पण ज्या माणसाला दोन बटाट्यांतला एक निवडायला पाव तास लागतो, त्यानं सहा लेन्सा बाळगू नयेत. एक लेन्स अख्खा डोंगर मावेल अशी, एक लांबचं जवळ आणणारी, एक गवतावरचा किडा टिपणारी, बाकीच्या कशाला ते दाजींनाच ठाऊक. निम्म्या जुन्या बाजारातून घेतलेल्या आणि चिंचवडच्या शकीलभाईंकडून दुरुस्त करून आणलेल्या. शकीलभाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “राव, तुमचे पाव्हणे फोटो कधी काढतात? आमच्याकडं तर नुसते काचा पुसायला येतात.”

ताईनं या लेन्सांना आपली नावं ठेवली होती. लांबचं जवळ आणणारी ती ‘मुसळ’, कारण आकार आणि वजन दोन्ही तेच. डोंगरवाली चपटी ती ‘वाटी’. किड्यांची ती ‘बुटकी’. दाजींना ही नावं सुरुवातीला अजिबात स्पेसिफिकेशनमध्ये बसली नाहीत. पण घरात बाईचंच चालतं, त्यामुळे पुढं तेही शकीलभाईंच्या दुकानात जाऊन “मुसळाला बुरशी धरलीय बघा” असं म्हणायला लागले.

आता ताईबद्दल एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. ताईला दरी चालत नाही. घाटात गाडी शिरली की ती डोंगराच्या बाजूच्या सीटवर सरकते आणि डोळे मिटून घेते. कड्यावर जायचं तर नावच नको, तिला गरगरतं. लहानपणी विहिरीत वाकून बघायला लावलं म्हणून तिनं मला चोप दिला होता. पण ट्रिपला मात्र सगळ्यांत आधी तयार. आम्ही कड्यावर जाणार, ताई गाडीत बसणार, आणि दाजी फोटो काढून आले की तिच्या शेजारी बसून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवत बसणार, हे ठरलेलं. मी तोवर कणसं खाऊन घ्यायचो. दाजींची फोटो दाखवायची हौस म्हणजे परीक्षेचा पेपर तपासावा तशी सावकाश, त्यात आपण कुठं पडायचं?

या श्रावणात ताईच्या डोक्यात नाणेघाट शिरला. कुणीतरी तिला सांगितलं, तिथं कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर येतं. झालं. “खाली पडायचं सोडून पाणी वर येतं म्हणजे काय रे नंदू? मला ते एकदा बघायचंय,” म्हणाली. तिनं आयुष्यात काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. दाजींनी ते ऐकलं आणि त्याच दिवसापासून घराची कंपनी झाली.

पलंगावर पांढरी चादर. तिच्यावर सहा लेन्सा. वर दिव्याचा उजेड. कामावरून आले की दाजी हातपाय धुऊन चादरीशी बसायचे, समोर ताई. वाटी घेतली तर कडा पुरा येतो, पण पाणी शेवयांएवढं दिसतं. मुसळ घेतलं तर पाणी येतं, पण कडा जातो, मग ते वर चाललंय की खाली हे कसं कळणार? ताई म्हणायची, दोन्ही घ्या. दाजी म्हणायचे, वजन? ताई म्हणायची, नंदूची गाडी आहे की. अरे, गाडी नंदूची आहे म्हणून काय वखार आहे का? सात माणसांची गाडी मी हप्ते भरून घेतलीय, त्यात माणसं तीन आणि लेन्सांना मागची अख्खी सीट! मी ताईला सांगून बघितलं, बाई गं, तू तरी नवऱ्याला आवर. तर ती म्हणाली, असू दे रे, मावेल. या बाबतीत ती कधीच माझ्या बाजूला आली नाही, आणि मला त्याचं कोडं पडायचं. वांगी लपवून शिजवणारी बाई, मुसळाला का एवढी भुलली?

कासारवाडीला माझं टायरचं दुकान आहे. भर गिऱ्हाइकीत, टेम्पो जॅकवर चढवलेला, आणि दाजींचा फोन. “पाव्हणं, नाणेघाटात वारं कुठल्या बाजूनं आसल?” मी म्हटलं, मी टायरमध्ये हवा भरतो दाजी, घाटात नाही भरत. तर म्हणाले, “बरं, मग होल्डवर ठेवतो.”

एका रविवारी मी निघायची वेळ ठरवायला त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं आणि तोंडावर तांब्याभर पाणी. ताई स्टुलावर उभी राहून वरून पाण्याची धार सोडत होती, खाली टेबलफॅन आडवा घालून छताकडं फिरवलेला, आणि दाजी फरशीवर उताणे पडून मुसळानं नेम धरलेले. उलट्या धबधब्याची रंगीत तालीम चालली होती. मी निथळत उभा, तर दाजी पडल्या पडल्या म्हणतात, “पाव्हणं, जरा बाजूला व्हा, बॅकग्राउंड बिघडतंय.” ताई स्टुलावर इतकी हसत होती की उरलेलं पाणी दाजींवर सांडलं. हे दोघं पन्नाशीचे आहेत, हे मी मुद्दाम सांगतो.

शेवटी सगळ्या सहाच्या सहा लेन्सा पास झाल्या. महिनाभर खल करून निकाल काय, तर सगळ्या घ्या! हिरव्या बॅगेत कॅमेरा आणि लेन्सा बसल्या, वर छत्री, पुसायची फडकी, ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि बॅगेला ‘ओके’चं स्टिकर लागलं. मी डोळ्यांनी बघितलं.

निघायच्या दिवशी पहाटे बॅग मीच उचलली. हलकी लागली. मला वाटलं, दाजी सुधारले. ताईनं काहीतरी समजावलं असेल, मुसळ राहिलं असेल घरी. उगाच विषय न काढता मी बॅग मागच्या सीटवर ठेवली. चाकणचा कायम तुंबलेला चौक ओलांडला म्हणजे निम्मी ट्रिप झाली असं आम्ही मानतो. तो ओलांडला, नारायणगावला मिसळ खाल्ली, दाजींनी मिसळ होल्डवर ठेवून दोनदा तर्री मागितली, जुन्नर मागं टाकलं आणि ढगांतून वाट काढत नाणेघाटात पोचलो. वारा असा, की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागला. कड्याच्या बाजूनं लोकांची आरडाओरड ऐकू येत होती. पाणी वर येत होतं.

दाजींनी स्टिकर लावलेली बॅग नियम मोडून उघडली, छत्री बाजूला केली, फडकी काढली. आत कॅमेरा होता. पुड्या होत्या. लेन्स एकही नव्हती.

मग उलगडा झाला. आदल्या संध्याकाळी बॅगेला स्टिकर लागल्यावर दाजींना मुसळात एक ठिपका दिसल्याचा भास झाला. एकात ठिपका तर सगळ्या तपासायला हव्यात, म्हणून स्टिकर सोलून सहाही लेन्सा बाहेर काढल्या, आणि बॅग मिटताना सवयीनं तिला नवं स्टिकर लावलं. आणि फेरतपासणीचा माल ठेवायचा कुठं? पिवळ्या पेटीत. तपासून झालं, ठिपका नव्हताच, पण लेन्सा पलंगाखालच्या त्या पिवळ्या पेटीतच राहिल्या. पिवळ्या पेटीतलं हलवायचं नाही. हिरव्यावर स्टिकर होतं, ते उघडायचं नाही. तिथून पुढं दोन्ही नियम दाजींनी तंतोतंत पाळले. कॅमेरा नाणेघाटात, लेन्सा चिखलीत!

मी हसून हसून गाडीवर डोकं टेकलं. पोटात दुखायला लागलं. मग दाजींकडं बघितलं आणि माझं हसू आटलं. ते उघड्या बॅगेत हात घालून तसेच उभे होते. म्हणाले, “तिनं येकच गोष्ट मागितली व्हती, पाव्हणं.”

मी म्हटलं, त्यात काय एवढं, फोन आहे की माझा. पळत कड्यावर गेलो, चिंब भिजून व्हिडिओ काढला, पळत परत आलो. बरा निघाला होता, पाणी वर जाताना दिसत होतं. खिडकीतून ताईपुढं फोन धरला. तिनं तो हातानं अलगद बाजूला सारला. “राहू दे रे तुझं. हे जाऊन येऊ देत.”

दाजी गेले. गळ्यात सवयीनं अडकवलेला बिनलेन्सचा कॅमेरा, तोही काढून ठेवायचं भान नाही. कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. लोक बघत होते, हा माणूस फोटो का काढत नाही. मी कणीस घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसलो. थोड्या वेळानं दाजी निथळत आले आणि मागं ताईशेजारी बसले. गळ्यातल्या कॅमेऱ्यावरचं पाणी पुसायला लागले. मग ताईच म्हणाली, “सांगा की. कसं वर येतं?”

आणि दाजी सांगायला लागले. आधी चाचरत. कडा कसा, तर सरळ, करवतीनं कापल्यासारखा, टॉलरन्सभायेर, मापाभायेर कुठंच गेला न्हाई. पाणी कसं, तर सुटताना पांढरं, जाड, आणि अर्ध्यात वारं त्याला धरतंय आन् वर फेकतंय, कड्यावरच्या माणसांच्या तोंडावर. लोक हसत्यात, वरडत्यात, एक म्हातारा तर टोपी धरून नाचत व्हता. ताई म्हणाली, पण पडता पडता वर वळतं कसं? दाजी अडले. इकडंतिकडं बघितलं. मग पुढं वाकून मला गाडीचा पंखा फुल करायला लावला, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या, हवा येते त्या जाळीवर ताईच्या साडीचा पदर धरला आणि सोडला. पदर फडफडत वर उडाला, ताईच्या तोंडावर आला.

“आस्सं,” दाजी म्हणाले.

ताई पदराच्या आत खदखदून हसत होती. परत करा म्हणाली. दाजींनी परत केलं. माझं कणीस हातात गार झालं. या माणसाला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून, मी दरवेळी कणसांच्या गाडीपाशी असायचो.

सांगून झाल्यावर दाजी ताईसाठी कणीस आणायला गेले. मी म्हटलं, ताई, फोनवर सरळ दिसत होतं की गं सगळं. वाईट वाटू नये म्हणून नाही बघितलंस ना?

“वाईट कसलं? मला फोटोतली दरीसुद्धा गरगरवते,” ताई म्हणाली. “पहिल्या ट्रिपलाच कळलं होतं. मी आपली ह्यांच्या बोटाकडं बघत बसते आणि हे सांगतात ते ऐकते. एक फोटो बघितलेला नाही मी आजवर.”

मी सीटवरच मागं वळलो. म्हटलं, मग इतकी वर्षं त्या मुसळाचं ओझं का वाहायला लावलंस? सांगायचं नाही का?

“सांगितलं तर दाखवायचं बंद करतील ना. एरवी घरी बोलतात का हे? शिफ्टवरून आले, जेवले, झोपले. दिवसभराचं एक वाक्य विचारलं तर होल्ड. बॅग भरायला लागले की महिनाभर बोलतात, आणि घाटात आलं की असं सांगतात.” तिनं पदर नीट केला. “तू काही बोलायचं नाहीस. शपथ आहे.”

दाजी कणीस घेऊन आले. त्याला लिंबू-मीठ सगळीकडं सारखं लागलंय का ते फिरवून बघितलं, आणि ताईच्या हातात दिलं. मग मान खाली घालून म्हणाले, “लेन्सांचं काय खरं न्हाई. आजच्याला एकबी नव्हती तरी भागलंच की. म्हणतो, पुढच्या बारीला मुसळ घरीच ठेवावं. पाव्हण्यांच्या गाडीत जागा बी हुईल.”

ताईनं कणसाचा एक दाणा काढून तोंडात टाकला. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. “मुसळ कशाला ठेवता? सगळ्या घ्या,” म्हणाली. “मला नीट बघायचं असतं.”

दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडं विचारल्यासारखं बघितलं. गाडी माझी, हप्ते माझे, मागची सीट माझी. मी गाडी सुरू केली.

“ओके,” मी म्हटलं.