बॅगेचं प्रस्थान

राहुकाळात रघोजीराव कुठंही निघत नाहीत, हे तंजावुरात त्यांच्या ऑफिसपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला पुष्कळ ठिकाणी नेलं आणि सगळीकडून घड्याळ बघत परत आणलं. त्यामुळं साठाव्या वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर वसुमतीबाईंनी एकच मागणं मागितलं. होडीनंच जाता येतं अशा त्या बेटावर, समुद्रासमोर, मन भरेपर्यंत बसायचं. कुणी उठवायचं नाही. रघोजीरावांनी तोंडभरून होकार दिला आणि रविवार ठरवला.

रविवारी राहुकाळ साडेचार ते सहा. बेटावरून शेवटची होडी पाचला. हे त्यांच्या ध्यानात आलं ते थेट बेटावर, डब्यातला चिंचेचा भात संपवून हात धुताना. चार वाजून गेले होते. ती शेवटची होडी काठाला लागलेली होती, पण कॉलेजची दहा-बारा मुलं जमल्याशिवाय नावाडी हलणार नव्हता, आणि डुलत्या होडीत अर्धा तास बसलं की रघोजीरावांच्या पोटात ढवळतं.

पण वाडवडिलांनी यावर तोड काढून ठेवली होती. मुहूर्त टळत असेल तर सामान आधी बाहेर ठेवायचं. प्रस्थान झालं, म्हणजे माणूस निघाल्यातच जमा. रघोजीरावांनी खारं पाणी लागू नये म्हणून घड्याळ काढून बॅगेत टाकलं. दोघांचे फोन, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिथंच होत्या. चार पंचविसाला त्यांनी बॅग होडीत ठेवली, आपण निघालो असं नावाड्याला बजावलं आणि नेसलेल्या वेष्टीची वाळू झटकायला निवांतपणे खडकापलीकडं गेले.

परत येऊन बघतात तो होडी नाही. वसुमतीबाई मात्र होत्या तिथंच, पाण्यात पाय सोडून.

"होडी कुठं गेली?"

"गेली की," बाई म्हणाल्या.

रघोजीरावांनी नावाड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हातवारे केले, उपरणं फडकवलं. समोर नुसतं पाणी. बायकोचा वाढदिवस, रात्रीच्या गोळ्या आणि परतीची वाट, सगळं त्या बॅगेबरोबर गेलं होतं. घसा बसल्यावर ते बायकोशेजारी बसले. हातात घड्याळ नव्हतं, त्यामुळं करण्यासारखं काही उरलंच नाही.

मग वसुमतीबाई हळूहळू बोलू लागल्या. पापनाशमला लहानपणी कालव्यात उताणं पडून त्या पार पुलापर्यंत वाहत जायच्या, असं त्यांनी सांगितलं. चौतीस वर्षांत हे रघोजीरावांच्या कानावर कधी आलं नव्हतं. कसं येणार, ऐकायला बसले कधी होते? उजेड उतरू लागला आणि समोर समुद्रातून पुनवेचा चंद्र वर आला, तांबडा, भला मोठा. ज्या नावाड्याला शिव्या घातल्या होत्या त्याला रघोजीरावांनी मनातल्या मनात हात जोडले.

सहाच्या पुढं होडी आली. नावाड्यानं बॅग त्यांच्या हातात दिली आणि बॅगेतला फोन मघापासून वाजतोय म्हणाला. मुलीचा, भुवनाचा फोन होता. पलीकडच्या काठावर थांबलेल्या त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तो उचलून "बॅग आली, सार आले नाहीत" एवढंच सांगितलं होतं, आणि चेन्नईत भुवनानं आकांत मांडला होता.

"पण आम्हाला टाकून गेलास का?" रघोजीरावांनी विचारलं.

"अम्माच म्हणाल्या, सहानंतर ये."

रघोजीराव बायकोकडं वळले.

"मग काय करू वो?" बाई शांतपणे म्हणाल्या. "बॅग वेळेत निघाली. तुम्ही तिकडं वेष्टी झाडत होता. भर राहुकाळांत तुम्हांला कशी पाठवू?"

रघोजीरावांना रागवायचं होतं, पण जमलं नाही. आजचा दिवस बायकोनं आपल्याला दिला, आपण तिला नव्हे, हे त्यांना कळून चुकलं. नावाडी निघायची घाई करू लागला तेव्हा त्यांनी त्याला हात धरून खाली बसवलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"अप्पा, कुठं आहां? कधी निघणार?" भुवना रडकुंडीला आली होती.

"तुझी अम्मा उठेल तेव्हां," रघोजीराव म्हणाले. "मला घाई नाही."



"अप्पा, अम्माला फोन द्या," भुवना घाबरून म्हणाली. आईचा आवाज ऐकताच तिनं विचारलं, "अम्मा, अप्पांना काय झालंय? बरे आहेत ना?"

वसुमतीबाईंनी चंद्रावरची नजर काढली नाही.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या. "आत्तांच बरे झाले."