कर्नल कंपाइल करण्याची अनावश्यकता

रायपूरच्या एका निवास-प्रमाणपत्र कार्यालयाचा सर्व्हर सोमवारी सकाळी अपडेट झाला आणि पुन्हा उठला नाही. बाहेर दोनशे माणसे रांगेत होती. त्यात पुरानी बस्तीच्या लताबाई होत्या. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांना गुरुवारपर्यंत दाखला हवा होता.

सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नरहरी पौनीकर यांनी तासाभरात दोष शोधला आणि ते सहसंचालक जयंत देवघरे यांच्यापुढे उभे राहिले.

"साहेब, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. जुना कर्नल अपडेटनं पुसला, अन् नव्याले आपलं जुनं डिस्क-कार्ड ओळखताच येत नाही. आपल्यालेच तो कंपाइल करा लागन, म्हंजे मूळ कोडातून नव्यानं बांधा लागन. दोन तासांचं काम हाये."

"सगळं तयार मिळते ना आजकाल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरले हे आलंच पाहिजे काहून?"

प्रश्न इतका मूलभूत होता की त्याची नस्ती उघडण्यात आली.

मंगळवारी समिती नेमली गेली. विषय कर्नलचा असल्यामुळे तज्ज्ञ म्हणून समता कॉलोनीतील एक निवृत्त कर्नलसाहेब घेण्यात आले. हा कर्नल वेगळा, असे त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रामाणिकपणे सांगितले. त्याची नोंद घेऊन त्यांचे सदस्यत्व कायम ठेवण्यात आले.

बुधवारी नरहरींना बाहेरची रांग बघवेना. समितीपुढे समोसे आले, तेव्हा त्यांनी दार लोटून कर्नल कंपाइल केला. सर्व्हर उठला. चार वाजता लताबाईंच्या हाती दाखला पडला.

"देव तुमचं भलं करो, भैया," त्या म्हणाल्या. नरहरींना बऱ्याच वर्षांनी आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

गुरुवारी समितीचा अहवाल आला: अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला कर्नल कंपाइल करता येण्याची आता गरज उरलेली नाही. अहवाल स्वीकारला गेला आणि मग अडचण लक्षात आली. कार्यालयाचा सर्व्हर गरज नसलेल्या ज्ञानावर चालत होता. तो तत्काळ पूर्वस्थितीत, म्हणजे बंद अवस्थेत, आणण्याचा आदेश निघाला. अनावश्यक ज्ञान बाळगून त्याचा वापर केल्याबद्दल नरहरी निलंबित झाले.

"पण साहेब, तो चालून राहिला ना!"

"तेच तर चुकलं," साहेब कळवळून म्हणाले. "बंद राहिला असता, तर मी तुले वाचवलं असतं."

सर्व्हर नीट बंद करणेही कार्यालयात नरहरींनाच येत होते. तो त्यांनीच बंद केला.

कंत्राटी ऑपरेटर गंधालीला हे सहन झाले नाही. सगळी हकीकत लिहून, खाली सह्यांना जागा सोडून तिने अर्ज तयार केला. आधी लताबाईंना फोन लावला.

"माझ्या पोट्टीचं तर झालं वो," त्या म्हणाल्या. "आता साहेबलोकायशी वाकडं काहून घ्याचं?"

मग तिने अर्ज रांगेत दिला.

"पहले हमारा तो होने दो, दीदी," पहिला म्हणाला आणि कागद मागे सरकवला. दुसऱ्याने तो वाचला, हसला, "मस्त लिखा है" म्हणाला आणि तिसऱ्याला दिला. असा तो हातोहात सरकत आज तुमच्यापर्यंत आला आहे. सह्यांची जागा अजून कोरी आहे.

हसून झाले असेल, तर मागच्याला द्या.