धोंडोपंतांचे जन्मभराचे गाळणे

एका जंगलात, मुलांनो, परमेश्वराने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक, उकळत्या पाण्याचा झरा. दुसरी, कॉफीची झुडपे. म्हणून तेथील प्राणी सकाळी प्रार्थना करीत आणि मग कॉफी पीत. काही जण आधी कॉफी पीत. त्यांची नावे मी घेत नाही.

रीत साधी होती. पळसाचे गळलेले पान उचलावे. त्याचा द्रोण करावा. तळाला काट्याने भोके पाडावीत. आत पूड, वरून गरम पाणी, खाली करवंटी. कॉफी गाळून झाली की द्रोण तेथेच टाकावा. तासाभरात गांडुळे तो खाऊन टाकीत. कॉफीच्या चोथ्यामुळे त्या जंगलातील गांडुळे फार चपळ होती.

तेथे करकोचेशास्त्री नावाचे एक विद्वान पक्षी होते. ते दर वर्षी परदेशी जात आणि येताना एक तत्त्व घेऊन येत. मागील वर्षी त्यांनी एका पायावर उभे राहण्याचे तत्त्व आणले होते. ते हत्तीला जमले नाही. या वर्षी त्यांनी सर्वांना झऱ्यावर बोलावले.

"एकदा वापरून टाकणे हे पाप आहे," ते म्हणाले. "गाळणे जन्मभर पुरेल असे असावे."

"पण शास्त्रीबुवा, पान तर आपोआपच गळलेले असते," धोंडोपंत अस्वल म्हणाले.

"तुम्ही ते टाकता की नाही?"

"टाकतो."

"मग संपले."

धोंडोपंत पापभीरू होते. शिवाय त्यांना कॉफी मिळाली नाही, तर ते उभ्या उभ्या झोपत. ते मान खाली घालून घरी निघाले आणि वाटेत त्यांना एक भांडण ऐकू आले.

बाभळीवर काशिनाथ आणि सगुणा हे सुगरण पक्ष्यांचे जोडपे राहत असे. सुगरण पक्ष्यांत घरटे नर विणतो आणि मादी तपासते. अर्धे विणून झाले की घरटे टोपीसारखे दिसते. मादीने होकार दिला तरच पुढचे काम होते. सगुणा कडक होती.

"वीण सैल आहे," ती म्हणत होती. "यातून पाणी गळेल."

"आम्हाला तेच हवे आहे!" धोंडोपंत खालून ओरडले.

त्यांनी ती नापसंत टोपी नेली, उलटी धरली आणि तिच्यातून कॉफी गाळली. कॉफी उत्तम झाली. शास्त्रीबुवांनी टोपीला आशीर्वाद दिला. सर्व प्राण्यांनी झऱ्यात पाय बुडवून शपथ घेतली, 'मी माझे गाळणे कधीही टाकणार नाही.' नंतर शास्त्रीबुवा हेच तत्त्व घेऊन शेजारच्या जंगलात गेले.

शपथेत धुण्याविषयी काहीच नव्हते.

"मी स्वतः वर्षातून एकदा आंघोळ करतो," धोंडोपंत म्हणाले. "याला रोज कोण घालणार?"

त्यांनी वापरलेली टोपी गुहेत टांगली आणि दुसरी आणली. मग तिसरी. प्रत्येक टोपी जन्मभर पुरेल अशीच होती. पुढे गुहेत जागा उरली नाही, तेव्हा ते बाहेर झोपू लागले. पण त्यांनी एकही टोपी टाकली नाही. इतर प्राण्यांनीही टाकली नाही. काशिनाथ विणीत असे आणि प्राणी नेत असत. पळसाखाली गांडुळे उपाशी बसली.

इकडे सगुणेची अंडी घालण्याची वेळ आली. काशिनाथाने जीव ओतून एक टोपी विणली. सगुणेने ती चोचीने ओढून पाहिली आणि लग्नानंतर प्रथमच मान डोलावली. त्याच क्षणी धोंडोपंतांनी ती फांदीवरून खुडली.

"पंत, ते माझे घर आहे," सगुणा म्हणाली. "मला आजच अंडी घालायची आहेत."

"सगुणाबाई, हे धर्मकार्य आहे."

"तुमच्या गुहेत किती पडली आहेत?"

"एकही पडलेले नाही. सर्व टांगलेली आहेत."

"त्यांतले एक द्या. घासून घेईन."

"कसे देणार? दिले म्हणजे टाकल्यासारखेच की!"

सगुणा खाली उतरली, धोंडोपंतांच्या पंजातील गाळण्यात बसली आणि तिने तीन अंडी घातली.

"अहो, हे काय केलेत?"

"आता टाकून दाखवा," सगुणा म्हणाली.

धोंडोपंतांना शपथ आठवली. गाळणे टाकता येईना. टांगावे, तर ते उलटे धरल्यामुळे टांगण्याची गाठ खालच्या बाजूला गेली होती. ते दोन्ही पंजे पुढे धरून उभे राहिले.

"किती दिवस, बाई?"

"पिले उडेपर्यंत. महिना धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडोपंतांचे डोळे मिटू लागले. पंजे कलू लागले.

"अहो, यांना कॉफी द्या!" सगुणा किंचाळली. "अंडी पडतील!"

काशिनाथ गुहेकडे धावला. तेथील सर्व गाळण्यांवर बुरशी आली होती. एकातूनही थेंब उतरेना. तेव्हा त्याने पळसाचे पान उचलले, द्रोण केला आणि कॉफी गाळून धोंडोपंतांच्या तोंडाला करवंटी लावली. धोंडोपंतांनी डोळे उघडले. पंजे सरळ झाले.

"शास्त्रीबुवांना सांगू नका," ते पुटपुटले.

महिनाभर रोज असेच चालले. अंडी फुटली, पिले वाढली आणि एका सकाळी भुर्रकन उडाली.

त्याच सकाळी शास्त्रीबुवा परतले. धोंडोपंत महिनाभर गाळणे धरून उभे आहेत, हे त्यांनी वाटेत ऐकले होते. त्यांनी पाहिले, तर धोंडोपंत एकच गाळणे दोन्ही पंजांत धरून उभे होते.

"महिनाभर हेच?"

"हेच," धोंडोपंत म्हणाले. ते खोटे नव्हते.

"धन्य!" शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी भक्तिभावाने खाली वाकून धोंडोपंतांच्या पायांकडे पाहिले. तेथे त्या सकाळचा द्रोण पडला होता. म्हणजे क्षणापूर्वी पडला होता. आता तेथे तीन गांडुळे होती आणि ती तोंड पुसत होती.

तात्पर्य : मुलांनो, निष्ठा टिकाऊ वस्तूवर ठेवावी आणि कॉफी पळसाच्या पानातून प्यावी. गांडुळे साक्ष देत नाहीत.