ज्याचा त्याचा बॅकहँड

शेलार सर भाजी घेतानाही समोरच्याचा बॅकहँड, म्हणजे कच्ची बाजू, शोधतात. एकदा सांगलीच्या मंडईत मेथीची जुडी उलटीपालटी करत ते मला हळूच म्हणाले, "मावशीला भाव विचारायचा न्हाई. नातीचं विचारायचं." नातीचं विचारलं. मावशींनी मेथीवर आपणहून कोथिंबीर ठेवली. "बघितलंस? चेंडू परतवताच आला न्हाई तिला."

सर मूळचे पाटणचे. टेनिस शिकले सैन्यात. फटक्यात जोर बेताचाच, पण समोरच्याला पळवून पळवून दमवायचे, असं जुने लोक सांगतात. आता ते आमच्या क्लबात शिकवतात आणि स्पर्धा असली की माइक घेऊन समालोचन करतात. प्रेक्षक सहा असले तरी.

"वकीलसाहेब नेटवर आलेत. का आलेत, त्यांनाबी म्हाईत न्हाई!"

"सर, जरा हळू बोला की!" वकील कोर्टातूनच ओरडतात.

"तुमी जोरात पळा, मी हळू बोलतो!"

सरांच्या खिशात एक वही असते. तिच्यात प्रत्येकाची कच्ची बाजू लिहिलेली. माझं पान मी कधी पाहिलं नव्हतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं. आमच्या सामन्यांना पंच नसतो. सर्व्हिस करणाऱ्याने गुण मोठ्याने सांगायचे असतात, आधी स्वतःचे, मग समोरच्याचे. मी पुटपुटायचे. मग समोरची आपल्या सोयीचे गुण सांगायची आणि मी मान हलवायचे. असे दोन सामने घालवले. सर रागावले नाहीत. पुढच्या स्पर्धेपासून माझ्या प्रत्येक सर्व्हिसआधी तेच माइकवरून गुण सांगू लागले. मला वाटलं, हौस.

यंदा साताऱ्याला उपांत्य सामना होता. माइक तिथेही सरांकडेच. सर्व्हिस माझी, तीस-पंधराने मी पुढे. माइक म्हणाला, "पंधरा-तीस!"

मी सरांकडे पाहिलं. सर अजिंक्यताऱ्याकडे बघत होते. समोरची मुलगी बुटाची नाडी बांधायला वाकली.

"पंधरा-तीस! चला लवकर, लोकांस्नी जेवायचं हाय."

"तीस-पंधरा!"

चहा पिणारे वळून बघायला लागले, तेव्हा कळलं की हे मीच ओरडले.

"सुधारणा," माइक म्हणाला. "तीस-पंधरा. माणूस हाय, चुकतो." आणि सरांनी माइक बंद केला, तो सामना संपेपर्यंत. माझ्या सर्व्हिसचा उरलेला प्रत्येक गुण मीच सांगितला. हरले, पण खरे गुण सांगून हरले.

परतताना एसटीत सरांनी चष्मा शोधायचा म्हणून वही माझ्याकडे दिली. चष्मा डोळ्यांवरच होता. पान माझंच उघडलेलं: "बॅकहँड बरा. आवाज कच्चा." खाली त्या दिवशीचे गुण. त्या गेमला तीस-पंधराच लिहिलं होतं. कुठे खाडाखोड नाही.

"सर, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मोठ्यानं बोल पोरी. एस्टीत काय ऐकू यीना."