नानांची सामाईक फाइल

नाना एकच गोष्ट दोनदा सांगत नसत. "काल रजा कशाला?" असं मी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "मालकांना सांगितलंय. तिथून घे." नुसतं पोट बिघडलं होतं. पण तेवढं ऐकायला मला केबिनपर्यंत जावं लागलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात आमचं चार टेबलांचं ऑफिस गावातल्या व्यापाऱ्यांना वेबसाइट करून देई. नाना धुळ्याचे, देवपूरचे, पन्नाशी उलटलेले आणि पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलेले. मी त्यांच्या हाताखाली होतो, त्यामुळे माझं त्यांच्याविषयी फारसं चांगलं मत नव्हतं.

पानाच्या तळाची पट्टी मी प्रत्येक पानात नव्यानं चिकटवायचो. नानांना ते बघवत नसे. "एकदा लिहिलंय ना? मग तिथून बोलाव!" त्यांनी त्या पट्टीची एकच फाइल केली होती. प्रत्येक पानात फक्त तिचं नाव लिहायचं, पान पाठवताना सर्व्हर ती आणून जोडायचा. पट्टीत आमच्याच ऑफिसचं नाव असल्यानं पाचही गिऱ्हाइकांना मिळून ती एक फाइल पुरत होती. तिला हात लावायचा हक्क फक्त नानांचा.

एकदा डाळ मिलवाल्यांनी 'तूरडाळ संपली आहे' अशी सूचना टाकायला सांगितली. नानांनी ती घाईत नेमकी त्याच फाइलीत टाकली. झालं! पाईपच्या कारखान्यात तूरडाळ संपली, सोनाराकडे संपली, मंगल कार्यालयातही संपली. कार्यालयवाले तणतणत आले. "अहो भाऊ, मुलीकडचे विचारताहेत, मग पंगतीला वरण कशाचं?"

मालकांनी हुकूम सोडला, "फाइल मोडा. पाच गिऱ्हाइकं, पाच फाइली."

कधी वर मान न करणारे नाना उठून उभे राहिले. "सूचना काढतो मी. पण फाइल मोडू नका, साहेब." एका पट्टीसाठी एवढं? मला हसू आलं. मालकांनी काम माझ्याकडे दिलं.

मी फाइल उघडली. पट्टीखाली पानावर न दिसणारी, पण पानामागचा मजकूर उघडणाऱ्याला दिसेल अशी एक ओळ होती. इंग्रजी अक्षरांत मराठी: 'बाळू, घरचा फोन बदलला. नवा नंबर खाली आहे. आई वाट पाहते.'

नाना माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"पोरगा शे मना," ते हळूच घरच्या अहिराणीत म्हणाले. "घरमा भांडीसन गया. तीन वरीस व्हयनात, पत्ता नही. नंबर बदलना, त्याले कोण सांगी? तो बी ह्याच कामात शे. जळगावचं काही दिसनं का उघाडीच, आन आधी मांगे काय शे ते देखी."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी पाच फाइली केल्या आणि ती ओळ नंबरासकट पाचही ठिकाणी पुन्हा पुन्हा टाईप केली. नाना आता ओरडणार, असं वाटलं.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विचारलं, "पाची जागावर नंबर बराबर शे ना?"

मग माझ्या उत्तराची वाट न पाहता स्क्रीनवर बोट ठेवून ते पाचही फाइलींतला एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले.