बरोबर उत्तर: कंपनी

चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या वकिलांना कायदा जरा कमी येतो, अशी शंका प्रादेशिक वकील उन्नयन मंडळाला एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर आली. मंडळाने लगेच उपसमिती नेमली. उपसमितीने पाहणी केली. पाहणीत असं आढळलं, की हे वकील दिवसभर न्यायालयातच असतात, त्यामुळे त्यांना कायदा शिकायला वेळ मिळत नाही. उपाय म्हणून दरवर्षी बारा ‘निरंतर विकास गुण’ सक्तीचे झाले. गुण भरले नाहीत तर सनद रद्द होणार नव्हती. मंडळ इतकं निर्दय नव्हतं. ती फक्त ‘विश्रांत’ होणार होती.

ॲड. प्रभावती ओव्हाळ सव्वीस वर्षं कामगारांचे खटले चालवत होत्या. त्यांच्या घरात कायद्याची भाषा पहिल्यांदा शिरली ती वडिलांच्या निलंबनाच्या नोटिशीतून. ती नोटीस समजावून सांगायला वस्तीत कोणी नव्हतं, म्हणून मुलगी वकील झाली. बारा गुणांचं पत्र आलं तेव्हा बाईंना राग आला नाही. शिकायला कधीही तयार असावं, असं त्या ज्युनियरांना सांगत आल्या होत्या.

प्रशिक्षण शनिवारी पिंपळे सौदागरच्या एका मंगल कार्यालयात होतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या. त्यातल्या एकीवर प्रशिक्षणतज्ज्ञ सिद्धेश कारखानीस बसले होते. वय तिशीच्या आत, कोट निळा. आपण न्यायालयात कधी गेलो नाही, त्यामुळे आपली दृष्टी स्वच्छ राहिली आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच नम्रपणे सांगितलं.

दुपारी पडद्यावर एक स्लाइड आली: ‘खंडू मांडेकर विरुद्ध कंपनी. निकाल: कंपनीच्या बाजूने.’

बाई ताठ बसल्या. खंडू मांडेकर त्यांचा अशील. चाकणजवळच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याची दोन बोटं गेली, आणि हाताला बँडेज असताना कामावर आला नाही म्हणून कंपनीने त्याला काढून टाकलं. चार वर्षं खटला चालला. बाई जिंकल्या. निकाल होऊन अकरा महिने झाले तरी कंपनी खंडूला गेटच्या आत घेत नव्हती. त्यासाठी केलेल्या अर्जावर येत्या गुरुवारी सुनावणी होती.

बाईंनी हात वर केला. “साहेब, हा निकाल कामगाराच्या बाजूने लागलाय.”

सिद्धेशने मागे वळून पडद्याकडे पाहिलं. “स्लाइडवर कंपनी आहे, मॅडम.”

“स्लाइड चुकलीय. हा खटला मी चालवलाय.”

“अरे वा! म्हणजे तुम्हाला विषयाची तोंडओळख आहेच.”

त्याच खटल्यात कंपनीचे वकील असलेले शेखर वाळिंबे दोन खुर्च्या पलीकडे होते. बाईंनी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. जेवणात श्रीखंड होतं. वाळिंबे शांत झोपले होते.

शेवटी परीक्षा झाली. उत्तीर्ण झालं की बाराही विकास गुण एकदम जमा होणार होते. प्रश्न पंचवीस, उत्तीर्ण व्हायला गुण पंचवीस. कारण कायद्यात चूक चालत नाही. चौदावा प्रश्न होता, मांडेकर खटल्याचा निकाल कोणाच्या बाजूने लागला? बाईंनी ‘कामगार’वर खूण केली आणि चोवीस गुण मिळवून त्या नापास झाल्या. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: ‘अभिनंदन! आपली सनद विश्रांत झाली आहे.’

सोमवारी बाई निकालाची प्रमाणित प्रत घेऊन मंडळाच्या कार्यालयात गेल्या. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या टेबलामागेही सिद्धेशच होता.

“ही प्रत पुरावा म्हणून धरता येणार नाही,” तो हळहळून म्हणाला. “मान्यताप्राप्त वाचनसाहित्यात ती नाही.”

“अहो, न्यायालयाची प्रत आहे ही!”

“न्यायालयाने आमच्याकडे नोंदणी केलेली नाही.”

“मग स्लाइड कोणी केली?”

“संगणकाने. त्याला यात काही स्वार्थ नाही, मॅडम.” सिद्धेश मनाने वाईट नव्हता. त्याने नियमपुस्तिका उघडली. “एक मार्ग आहे. विषयतज्ज्ञाचं पत्र आणलंत तर उत्तर बदलता येतं. थांबा, बघतो. कामगार कायदा, चाकण विभाग… तज्ज्ञ एकच आहेत. ॲड. प्रभावती ओव्हाळ.”

“मीच ती.”

“हो, पण तुमची सनद विश्रांत आहे. विश्रांत तज्ज्ञाचं मत आम्हाला घेता येत नाही.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “बुधवारी फेरपरीक्षा आहे. प्रश्न तेच, उत्तरंही तीच. कशाला त्रास करून घेता?”

बुधवारी खंडू बाईंबरोबर आला. परीक्षेला अर्धा तास होता. दोघं मंडळाच्या कार्यालयाच्या पायरीवर बसले. बाई निकालाच्या प्रतीची घडी घालत होत्या आणि पुन्हा उघडत होत्या.

“काय झालं, ताई?”

“खंडूभाऊ, आत जाऊन मला लिहायचंय की तुम्ही हरलात. नाही लिहिलं तर उद्या मी उभी राहू शकत नाही. तारीख पुढे गेली तर आणखी सहा महिने.”

“मंग लिवा की.”

“खोटं आहे ते. सव्वीस वर्षांत मी एक ओळ खोटी लिहिली नाही.”

खंडूने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. तीन बोटांचा हात तो सहसा खिशातून काढत नसे. “ताई, माजी दोन बोटं ग्येली. तुमचं एक उत्तर जाऊ द्या. मला गेटात जायाचं हाय.”

बाई आत गेल्या. चौदाव्या प्रश्नाशी पेन थांबलं. वडिलांची नोटीस त्यांना शब्दन् शब्द पाठ होती. तीही अशीच शुद्ध भाषेत लिहिलेली होती. त्यांनी ‘कंपनी’वर खूण केली. पंचवीसपैकी पंचवीस.

गुरुवारी न्यायालयात वाळिंबे टवटवीत होते. अकरा महिन्यांपूर्वी निकाल देणारे न्यायाधीशच समोर होते. वाळिंबेंनी एक कागद पुढे केला. पारदर्शकतेसाठी मंडळ उत्तीर्णांच्या उत्तरपत्रिका संकेतस्थळावर टाकत असे.

“साहेब, खटला कंपनीने जिंकला आहे, असं अर्जदाराच्या वकिलांनीच काल स्वतःच्या सहीने मान्य केलं आहे. मग अंमलबजावणी कशाची करायची?”

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला. “ओव्हाळबाई, ही सही तुमची?”

“हो साहेब.” बाईंचे कान तापले होते. “खोटं लिहिलं मी. सनद सोडवायची होती. मला त्याची लाज वाटते.”

मागच्या बाकावरून खंडू उठला. “म्या सांगितलं व्हतं, साहेब. त्यांचा दोष न्हाई.”

न्यायाधीशांनी त्याला हाताने बसायला सांगितलं आणि मान वळवली. “वाळिंबे, ही परीक्षा तुम्हीही दिलीत?”

“पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झालो, साहेब.”

“चौदाव्या प्रश्नाला काय लिहिलंत?”

“कंपनी.”

“खटला तर तुम्ही हरला होतात. माझ्यासमोर.”

“हो साहेब,” वाळिंबे प्रांजळपणे म्हणाले. “पण गुण पूर्ण पडले.”

न्यायाधीशांनी उत्तरपत्रिका परत केली आणि सोमवारी सकाळच्या शिफ्टला खंडूला कामावर घ्या, नाहीतर व्यवस्थापकांनी जातीने हजर राहावं, असा आदेश दिला. सोमवारी खंडू गेटातून आत गेला. बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होत्या.

मंडळानेही न्यायालयातल्या कबुलीची गंभीर दखल घेतली. उमेदवाराने बरोबर उत्तर चूक आहे असं समजून लिहिलं, हा सचोटीचा भंग ठरला. बाईंचे बाराही गुण काढून घेतले गेले आणि तीन महिन्यांत दोन दिवसांचा ‘व्यावसायिक सचोटी’ वर्ग पूर्ण करण्याची सवलत मिळाली. वर्ग घेणार होते ॲड. शेखर वाळिंबे.

पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ बाईंकडे आले. चांगले शिकलेले, मोठ्या सोसायटीत राहणारे, वाचनाची आवड असलेले. कंपनीने त्यांना एका ईमेलने घरी बसवलं होतं. बाईंनी कागद पाहिले आणि दहा मिनिटांत कंपनीच्या तीन चुका दाखवल्या. बोलता बोलता खंडूची सगळी हकीकत निघाली. गृहस्थ पोट धरून हसले, मंडळावर चिडले आणि तीन बोटांच्या हाताशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“कमाल आहे तुमची, मॅडम! बरं, सध्या तुमचे गुण किती?”

“शून्य.”

गृहस्थांनी मनापासून आभार मानले, कागद गोळा केले आणि ते वाळिंबेंकडे गेले.

त्यांचं नाव इथे देत नाही. ते आत्ता हे वाचत आहेत, आणि या क्षणापर्यंत ते पूर्णपणे बाईंच्या बाजूने होते.