चौकातला पासवर्ड

उदयसिंहाने हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला, तेव्हा वर्षाराणीला वाटलं, नवऱ्याला चोरांची भीती वाटत असेल. पण चोर येतात दारातून आणि कॅमेऱ्याचं तोंड होतं सोफ्याकडे. त्या सोफ्यावर उदयसिंहाशिवाय कुणी बसत नसे. कळंब्यातल्या दूध संस्थेचे होऊ घातलेले चेअरमन बसल्या जागी कसे दिसतात, हे त्यांना स्वतःच्या मोबाइलवर बघता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

"ह्याला पारदर्शक कारभार म्हणत्यात," तो म्हणाला. "बोललेलंबी ऐकू येतंय, मोबाइलवरनं उलटं बोलताबी येतंय. आन् तू ध्यानात ठेव, ओटीपी कुणाला सांगायचा न्हाय. जग लई बेकार हाय. तुझ्या मोबाइलचा पासवर्ड मीच ठेवून घेतलाय, तेच बरं हाय."

वर्षाराणीने मान डोलावली. नवऱ्याचं भाषण आणि कुकरची शिट्टी सुरू झाली की मध्ये बोलून उपयोग नसतो, एवढं संसाराने तिला शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात उदयसिंहाचा वाढदिवस आला. केक न कापता कोल्हापुरात माणूस मोठा होऊ शकतो, फ्लेक्स न लावता नाही. चौकात वीस फुटी उदयसिंह उभा राहिला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, कानाला मोबाइल. शेजारी सालासकट जन्मतारीख, खाली मोबाइल नंबर आणि ठळक अक्षरांत, 'चोवीस तास कॅमेऱ्यासमोर असणारा एकमेव नेता!' हा सगळा मजकूर नेत्याने स्वतःच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेता टीपॉयवर पाय पसरून बसला होता.

"ए वर्षे, चहा आण! आन् ऐक, त्या आण्णाला काय अजून माझं नाव सुचंना. ते म्हातारं गचकल्याबिगर ही खुर्ची आपल्याला गावायची न्हाय."

आण्णा म्हणजे संस्थेचे जुने पुढारी. ते ज्याच्याकडे बघून मान हलवतील, तो चेअरमन. वर्षाराणी कप घेऊन दारात आली, तेवढ्यात कॅमेरा खोकला.

"पावणं, पाय जरा खाली घ्या की. तळव्यांफुडं तुमचं त्वांडच दिसंना."

उदयसिंह ताडकन उठला. त्याने पडद्यामागे बघितलं, सोफ्याखाली बघितलं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून तो ओरडला, "कोण हाय रं तिकडं?"

"कागलचा हाय. कामाला कळंब्यात आलतो, चौकात तुमचा फ्लेक्स बघितला. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधी तुमचा मोबाइल नंबर टाकला, पासवर्डाच्या जागी जन्मतारीख टाकली, दार उघडलं की!"

"आमीबी आत हाय," आणखी एक आवाज आला. "ते म्हातारं म्हंजे आण्णाच न्हवं?"

उदयसिंहाचा मोबाइल वाजला. आण्णाच होते.

"आमी गचकायची वाट बघालायस व्हय रं?"

"आण्णा, ते मी न्हवंच! एआय हाय ते! आजकाल कुणाचाबी आवाज बनवत्यात!"

"असंल बाबा. पर आता मी रोज बघणार. सगळं गाव बघालंय, मी का मागं राहू? कॅमेरा बंद पडला, तर समजंन बोलणारा तूच हुतास."

फोन ठेवल्यावर वर्षाराणी कडाडली. "अवो, परकी माणसं माझ्या घरात डोकावत्यात आन् तुमी आण्णा-आण्णा करत बसलासा! काढा ते आदी!"

"काढलं तर खुर्ची गेली!"

"मग पासवर्ड तरी बदला."

"बदलला तर आण्णाला दिसायचं बंद. म्हंजे तेच की."

"मग मी त्या हॉलात पाय ठेवत न्हाय. चहा पायजे तर हातानं करून घ्या."

एरवी यावर उदयसिंहाने घर डोक्यावर घेतलं असतं. पण गावासमोर ओरडायचं कसं? गुमान उठून त्याने चहा केला. परत येऊन बसला, तर आण्णांचा पुन्हा फोन.

"बायकुला ए वर्षे म्हणतोस? घरातलं एक माणूस संभाळंना, संस्था काय संभाळणार?"

त्या दिवसापासून "वर्षे"ची "अवो वर्षाराणी" झाली. पाय टीपॉयवरून उतरले, आवाजही उतरला. सोफ्यावरचा माणूस आण्णांच्या तब्येतीसाठी मोठ्याने अंबाबाईला नवस बोलू लागला. कॅमेऱ्यातून शाबासक्या येत होत्या. वर्षाराणी स्वयंपाकघरात बसून आयता चहा पीत होती आणि तिला तो फार गोड लागत होता.

अखेर आण्णांनी मान हलवली. उदयसिंह चेअरमन झाला आणि हारही न काढता त्याने कॅमेऱ्याच्या दुकानदाराला बोलावून पासवर्ड बदलून घेतला. अक्षरं, आकडे, चिन्हं, सगळी खिचडी. चेअरमनच्या डोक्यात ती मावेना.

"तूच पाठ करून ठेव," त्याने बायकोला सांगितलं आणि पाय टीपॉयवर टाकले. "आन् ए वर्षे, चहा आण! बहिरी झालीस काय?"

वर्षाराणीने कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा गप्प होता. कधी न बघितलेल्या त्या कागलच्या माणसाची तिला मनापासून आठवण आली. परक्यांची एवढी धास्ती घेतली होती तिने, पण कॅमेऱ्याला दिसत होता तो फक्त सोफा, आणि त्या सोफ्यावर तिला कधी कुणी बसू दिलं होतं?

"आभाराचा फ्लेक्स लावायचाय," उदयसिंह म्हणाला. "मजकूर तूच धाड. फोटो माझा मोठा घ्याय सांग, खाली काय लिवायचं ते लिव."

छापण्याआधी नमुना आला. तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला.

"नाक जरा सरळ कराय सांग."

"सांगते की. पर खालचं वाचून तर बघा."

"त्यात काय वाचायचं? नाव माझंच हाय न्हवं? मग छापा म्हणावं!"

फ्लेक्स लागला. संध्याकाळी चेअरमनांनी टीपॉयवर पाय पसरले, पोट भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "ए वर्षे, चहा!"

कॅमेरा खोकला.

"पावणं, पाय खाली. नवा पासवर्ड लई अवघड केलासा, टाकताना दोनदा चुकला. फुडच्या फ्लेक्सवर जरा मोठ्या अक्षरात छापा."

उदयसिंहाने गर्रकन स्वयंपाकघराकडे मान वळवली, तोंड उघडलं, मग कॅमेऱ्याकडे बघून मिटलं. पाय खाली आले. तो उठून ओट्यापाशी गेला आणि त्याने गॅसवर पातेलं ठेवलं.

"माझ्यात साखर कमी घाला," वर्षाराणी म्हणाली.